गावात रमलेली माउली म्हणे!

वहिनी, नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. किराणा दुकानाशेजारच्या खांबाला बांधलाय, चांगला माणसाएवढा. फोटो कुणी दिला देव जाणे. तुझ्या गोरेगावच्या भाचीच्या हळदीतला आहे, त्या पोपटी साडीतला. ती साडी तू एकदाच नेसलीस आणि 'पुन्हा ही नेसले तर मला ओळख देऊ नका' म्हणालीस. डोक्यावरून पदर आहे, तो बहुतेक कॉम्प्युटरवर चढवलाय, कारण तुला डोक्यावरून पदर घेतलेलं मी तरी कधी पाहिलं नाही. आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'शहर सोडून गावच्या मातीत रमलेली माउली'.

रमलेली! डहाणू स्टेशनवर उतरून टमटममध्ये बसले, तुझ्यासाठी रडत रडत नाक्यापर्यंत आले आणि ते वाचून माझं रडूच थांबलं. टमटमवाल्याला म्हटलं, "हे कुणी लावलं?" तो म्हणाला, "मंडळानं. मस्त झालाय ना?" मी त्याच्याकडे असं पाहिलं असणार की त्याने घर येईपर्यंत आरसा दुसरीकडे वळवून ठेवला.

मेलेल्या म्हशीला मणभर दूध, हे ठीक आहे. पण दूध निदान त्याच म्हशीचं तरी असावं. तू गोरेगावची. माझ्या दादाशी लग्न करून गंजाडला आलीस आणि त्या दिवसापासून गेल्या महिन्यापर्यंत तुझं एकच म्हणणं होतं, माणसाने शहरात राहावं. मी गंजाडची, लग्न करून कांदिवलीला गेले आणि माझं म्हणणं होतं, सुख काय ते गावात. म्हणजे तू शहराची बाजू घेऊन गावात राहिलीस आणि मी गावाची बाजू घेऊन शहरात. आई होती तोवर म्हणायची, "दोघी चुकीच्या घरी पडल्या." पण आपलं भांडण तिला आवडायचं. मी माहेरी आले की ती मुद्दाम ओटीवर येऊन बसायची आणि काडी टाकायची, "काय गं शैला, तुमच्याकडे म्हणे लिफ्ट बंद पडली?" झालं, पुढचा तास कुणाला चहाची आठवण राहायची नाही.

आता ओटीवर बसलेल्या बायका मला सांगतात, ती किती समाधानी होती. कधी तक्रार नाही हो तिची. कधी तक्रार नाही? या बायकांचे ब्लाउज तू शिवलेस. मशीन चालवता चालवता तू त्यांना काय काय ऐकवायचीस ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. आणि एकीने तर कहर केला. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "नवऱ्याच्या आधी गेली, अहेव गेली. नशीबवान." मी हात काढून घेतला. साठीच्या आत गेलेल्या बाईला नशीबवान म्हणायला जीभ कशी रेटते गं?

दुसऱ्या बाजूचेही काही कमी नाहीत. गोरेगावचे तुझे भाऊ आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, शहरात असती तर वाचली असती. डहाणूच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की डोक्यातली नस फुटली, कुठेही असत्या तरी एवढाच वेळ मिळाला असता. दादाने ते दोनदा सांगितलं. तरी जाताना तेच. म्हणजे गाववाल्यांनी तुला गावाची करून टाकली आणि शहरवाल्यांनी गावाने मारलेली. तुझं स्वतःचं काय म्हणणं होतं ते कुणालाच नको आहे. मला हवं आहे, कारण ते जन्मभर मी खोडत आले.

आपलं पहिलं मोठं भांडण आठवतं? तू डहाणूला जाऊन केस कापून घेतलेस, खांद्यापर्यंत. पार्लरमधून निघालीस, बाजारात सुकट घेतलीस, टमटम भरेपर्यंत वाट पाहिलीस आणि घरी आलीस तर आई दारात उभी. तू केस कापल्याची बातमी तुझ्याआधी तिच्यापर्यंत पोचली होती. आई काही वाईट बोलली नाही, 'बरे दिसतात' म्हणाली. तरी तू संतापलीस. मी नेमकी आलेली होते, म्हणून राग माझ्यावर निघाला. "माझ्या डोक्यावर माझेच केस, ताई. त्यात गावाचा वाटा किती?" मी म्हटलं, गाव आपलं समजतं म्हणून लक्ष ठेवतं. आमच्या बिल्डिंगमध्ये मी टक्कल केलं तरी कुणी बघणार नाही. "अगं तेच तर सुख!" तू ओरडलीस. "कुणी न विचारणं ही किती मोठी सोय आहे ते तुला कळत नाही, कारण तुला ती फुकट मिळालीय."

एरवी मला 'शैलाताई, तुम्ही' म्हणणारी तू, भांडण रंगलं की सरळ 'तू'वर यायचीस. मला ते फार आवडायचं. हे तुला सांगितलं नाही कधी. सांगितलं असतं तर लाजून थांबली असतीस.

माझ्या समोरच्या फ्लॅटमधले काका वारले आणि मला ते लिफ्टमधल्या सूचनेवरून कळलं, हे मी तुला सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता ही गप्प होईल. तू सुईत दोरा ओवत म्हणालीस, "आणि इथे मी मरायच्या आधीच सगळ्यांना कळेल." आपण दोघी किती हसलो त्या दिवशी. तसंच झालं, वहिनी. तू दवाखान्यात होतीस, अजून श्वास चालू होता आणि मला गावातून तीन फोन आले की तू गेलीस. मी चौथ्याला काय बोलले ते तुझ्या कानावर घालण्यासारखं नाही.

आणि ती अदलाबदल! 'दुरून डोंगर साजरे' असं तू मला इतक्या वेळा ऐकवलंस की एका मे महिन्यात मी म्हटलं, चल, होऊन जाऊ दे. मी इथे राहते, तू कांदिवलीला जा, माझं घर सांभाळ. पंधरा दिवसांचं ठरलं. आठवडाही टिकलं नाही. तुझे फोन यायचे. पहिल्या दिवशी आनंद, की दारात भाजीवाला आला, खाली उतरले तर कुणी 'कुठे चालली' विचारलं नाही. मग हळूच, मिरचीला पाणी सोडलं का? तोडणीला जमनी आली होती का? चिकू उतरवायला माणसं आली तर झेलायची जाळी फाटकी आहे, तेवढी बांधून घ्या. आणि मग रागाने, तुमच्या समोरच्या बाईला मी रोज हसते, ती दार लावून घेते.

माझं तरी काय सांगू. मी एकटी माहेरी आले, नवरा नाही, मुलगा नाही, म्हणजे गावाने काय समजायचं ते समजून घेतलं. तिसऱ्या दिवशी अण्णाकाका आईला भेटायला आले. खाकरून म्हणाले, "जावईबापूंशी मी बोलू का? काय झाला असल तर मिटवून टाकू." आमचे सख्खे काका! मी किती सांगितलं की भांडण नाही, अदलाबदल आहे. ते समजूतदारपणे मान हलवत राहिले. मी दुसऱ्या दिवशी निघाले, तूही निघालीस. आपण दोघींनी आपापली बाजू जिंकल्याचं आजतागायत सांगितलं आहे.

पण खरं बोलायचं तर गेले काही दिवस माझीच बाजू वर होती. तू गेलीस आणि या घरात चूल पेटली नाही, तरी इथे एक माणूस उपाशी राहिला नाही. कुणाकडून भात आला, कुणाकडून आमटी. डबा कुणाचा, झाकण कुणाचं, कशाचा मेळ नाही. पाड्यावरची जमनी कुणी न बोलावता आली, मिरची तोडून, गोणीत भरून, गाडीवर चढवून गेली आणि जाताना तुझ्या मशीनवरची धूळ पुसून गेली. कांदिवलीत हे कुणी केलं असतं? मी प्रत्येक वेळी मागे वळून तुला म्हणणार होते, "बघ!" आणि तू काय म्हणाली असतीस तेही मला माहीत आहे. "आणला ना डबा? मग झाकण उघडेपर्यंत माझ्या प्राचीचं लग्न कधी करणार तेही विचारलं असेल." विचारलं, वहिनी. दोघींनी विचारलं.

तुझ्या या लेकीवरूनच हे सगळं लिहितेय.

दहाव्याला आम्ही घराखालच्या ओढ्यावर गेलो. हल्ली बायकाही जातात, म्हणून मी आणि प्राची होतो. पिंड ठेवला. कावळा येईना. भटजी म्हणाले, "इच्छा राहिली असेल, बोला कुणीतरी." दादा हात जोडून नुसता उभा. तुझ्या भावाने सांगितलं, आम्ही येत-जात राहू. नाही आला. कुणी म्हणालं, चिकूची झाडं तोडणार नाही. नाही आला. मग अण्णाकाका पुढे झाले. हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "प्राची कुठं जाणार नाय! बापाजवळच ऱ्हेल. आमी हाव ना!"

आणि कावळा उतरला.

सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी. "बघा, जीव पोरीत अडकला होता." भटजींनीही हात जोडले. आणि पोर माझ्या शेजारी पांढरीफटक. तिला ठाण्याच्या लॅबमधली नोकरी लागलीय, पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. तू घरोघरी पेढे वाटले होतेस, त्यांना माहीत नसायला काय झालं!

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, एवढीच गोष्ट. पण आमच्या लोकांसाठी कावळ्याने शिवलं म्हणजे सही-शिक्का झाला. त्या कावळ्याची मला ओळख आहे. तुझ्या स्वयंपाकघरामागचा तो. सुकटीची डोकी तू रोज हात उंच करून कुंपणापलीकडे भिरकावायचीस आणि तिथले कावळे वरच्या वर झेलायचे. अण्णाकाकांनी हात वर केला, त्याला वाटलं जेवण आलं. त्याला तुझी शेवटची इच्छा काय कळणार? पण हे तिथे कुणाला सांगणार, आणि सांगितलं तरी ऐकतंय कोण?

घरी आल्यावर प्राची मला मागच्या दारी घेऊन गेली. "आत्या, आईला शेवटी खरंच तसं वाटलं असेल का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तू इतकी वर्षं पायाने मशीन मारलंस, तिला पालघरला शिकवलंस, दादाला समजावलंस, आणि एका सुकटखाऊ कावळ्याने पोरीच्या मनात शंका घातली. तिलाही वाटायला लागलं की आईने मरता मरता मत बदललं असेल.

मला तुझा शेवटचा फोन आठवला. नोकरीची बातमी सांगायला केलेला. आनंद सांगून झाल्यावर लगेच दम दिलास, "आता तुम्ही गावाचं पुराण लावून तिचं मन वळवू नका." मी म्हटलं, मी कशाला वळवू, पण एक सांगते, पोरगी एकदा शहरात गेली की परत येत नाही. माझ्याकडे बघ. तू म्हणालीस, "तुमच्याकडे बघूनच पाठवतेय." आणि कुकर झाला म्हणून फोन ठेवलास.

हा टोमणा होता की कौतुक, वहिनी? मी तेव्हापासून विचार करतेय. टोमणा असेल तर फारच बेमालूम होता. आणि कौतुक असेल तर इतक्या वर्षांत एकदाच केलंस, तेही कुकरच्या शिट्टीत.

तेराव्याला जेवणं झाली आणि ओटीवर बैठक बसली. अण्णाकाकांनी विषय काढला, म्हणजे ठरलेलंच सांगितलं. पोरीने ठाण्याला नाही म्हणून कळवून टाकावं. डहाणूत कुणाकडेतरी लॅब आहे, तिथे शब्द टाकू. बापाला कोण बघणार? आणि तिच्या आईचीच इच्छा, आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितली. माना हलल्या. दादा खाली बघत होता. प्राची दारात उभी होती आणि तिचे ओठ असे मिटलेले होते की मला तू आठवलीस, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली.

मी उठले. म्हटलं, "वहिनीला हे गाव आवडत नव्हतं."

अण्णाकाका म्हणाले, "शैला, दिवस काय, बोलतेस काय?"

"आवडत नव्हतं. माणसं आवडत होती, गावात राहणं आवडत नव्हतं. ती तुम्हाला सगळ्यांना हे सांगत आली. नाक्यावर खोटं लावलंय. आणि प्राचीने ठाण्याला जावं ही तिची इच्छा होती, तिने मला फोनवर सांगितलंय."

"तू तर तिच्याशी रोज भांडायचीस! तूच म्हणायचीस ना, गाव सोडू नये?"

"म्हणायचे. अजून म्हणते. म्हणून तर ती काय म्हणायची ते मला पाठ आहे. तुम्ही तिच्याशी कधी भांडलाच नाहीत काका, नुसतं 'हो हो' केलंत, आणि ऐकलं काहीच नाहीत."

"मग तो कावळा?"

"कावळा सुकट खायला आला होता."

एक म्हातारी फस्सकन हसली आणि तिनेच तोंडावर पदर घेतला. अण्णाकाका उठून उभे राहिले. त्यांचं मन दुखावलं, मला कळत होतं. त्यांनी काही वाईट हेतूने केलं नव्हतं. आमच्या घरी मयत झाल्यापासून तेच धावत होते, लाकडांपासून भटजीपर्यंत. पण चांगुलपणाने धावणाऱ्या माणसाने पोरीचा रस्ता अडवला तर त्याला वाट करून देऊ का मी?

तेवढ्यात दादा बोलला. जन्मभर तुझ्या आणि माझ्या भांडणात ज्याने कधी तोंड उघडलं नाही, तो. म्हणाला, "तिनं बॅग आणून ठेवलीय. पोरीसाठी. चाकांची." तेवढंच. आणि आत जाऊन ती निळी बॅग ओटीवर आणून ठेवली. अजून तिला दुकानाचं प्लॅस्टिक होतं. बैठक तिथेच उठली.

मला वाटलं, आता निदान मी तरी काहीतरी जिंकले. प्राचीला म्हटलं, माझ्याकडेच राहा. कांदिवलीहून ठाण्याला बस आहे, खोली रिकामी आहे, जेवण आयतं. ती माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आत्या, राग मानू नका. मी दोन मैत्रिणींबरोबर ठाण्यातच खोली घेणारे. तुमच्याकडे राहिले तर तुम्ही विचारणार ना, कुठे चाललीस, कधी येणार. ते गावच झालं."

ऐकतेस? तुझी पोरगी! कांदिवलीतल्या माझ्या घराला गाव म्हणाली! इतकी वर्षं मी तिथे राहून गाव गाव केलं आणि शेवटी हे प्रशस्तिपत्र. मी रागावले, मग बाथरूममध्ये जाऊन हसले, मग तिथेच रडले. तू असतीस तर हसता हसता ओटीवर आडवी झाली असतीस.

परवा दादाने तिला बाइकवरून स्टेशनवर सोडलं. मी महिनाभर इथे राहणार आहे, दादाची घडी बसेपर्यंत. तुझ्या स्वयंपाकघरात मला डाळीचा डबा सापडत नाही आणि विळीला धार नाही. सकाळपासून दोघी येऊन विचारून गेल्या, पोर एकटी कशी राहणार, तू किती दिवस आहेस, तुझ्या घरी कोण बघतंय. जमनी मात्र काही विचारत नाही. मिरच्या तोडते, तुझ्या जागेवर बसून चहा पिते आणि जाते.

काल रात्री जेवताना फार शांत वाटलं, म्हणून मी मुद्दाम म्हटलं, "काही म्हण दादा, गावासारखं सुख नाही."

दादा म्हणाला, "हो."

मी म्हटलं, "शहरात काय ठेवलंय?"

"काही नाही," तो म्हणाला आणि भात कालवत राहिला.

मला इतका संताप आला वहिनी, की मी ताटावरून उठले. हो काय म्हणतोस रे! इतकं चुकीचं बोलतेय मी, आणि या घरात एक माणूस नाही मला गप्प करायला.